बासकडचा माणूस

बागिओ,
नोव्हेंबर लागला, धुकं खिडकीत आलं

आदरणीय थोरले बंधू मानोंग फाबियान यांना,

तुमच्या मेहुण्याचा, एलिसेओचा, दोन्ही हात जोडून नमस्कार. तुमची तब्येत ठणठणीत असेल, गुडघा वळत असेल आणि विनिपेगच्या थंडीत लेकीने काढून दिलेले सगळे कपडे तुम्ही अंगावर घालत असाल, अशी आशा करतो. (मागच्या खेपेला फोनवर तुमची टोपी तेवढी दिसली, तोंड दिसलं नाही. नातीला सांगा, फोन जरा खाली धर. आजोबांचं कपाळ मी ओळखतो, पण त्याच्याशी बोलायला मजा येत नाही.) माझी तब्येत विचाराल, तर पत्रात या जागी ‘मी मजेत आहे’ असं लिहायची पद्धत आहे, म्हणून लिहितो. मी मजेत आहे.

आता मुद्द्याकडे येतो. (मुद्द्याकडे यायला मला वेळ लागतो, हे तुम्ही लग्नाआधीपासून जाणता. तुमच्या बहिणीला मागणी घालायला आलो, तेव्हा तुमच्या वडिलांशी दुपारभर कोबीवरच्या किडीबद्दल बोललो आणि उठून चालू लागलो होतो. शेवटी तुम्हीच फाटकाशी गाठून विचारलंत, ‘अरे, तू नेमका कशाला आला होतास?’) तर मुद्दा असा, की तुमचा खोका पोचला. साबण पोचले, टॉवेल पोचले, डबाबंद मांस पोचलं, आणि टॉवेलात गुंडाळलेले माझ्या बास गिटारच्या तारांचे तीन सेटही पोचले. एकाच्या टोकांना लाल रेशीम, एकाच्या निळं, एकाच्या हिरवं. सोबत तुमची चिठ्ठी: तिन्ही चढवून बघ, कशाचा ताण किती, हाताला कशा लागतात, सविस्तर कळव. माझ्या तारा कडक झाल्यात असं मी फोनवर म्हणालो, आणि तुम्ही या वयात बर्फातून जाऊन दुकानातून तारा आणल्यात. मला भरून आलं. पुढच्या क्षणाला घामही फुटला.

घाम का फुटला ते सांगतो. तुम्ही पडलात गिटारवाले. तुम्ही मोजे बदलावे तशा तारा बदलता आणि नव्या तारा झणझणल्या की खूश होता. आमच्या चपट्या तारांचं तसं नसतं. गोल तारेभोवती चपटी पट्टी गुंडाळलेली, वरून गुळगुळीत, आवाज उशीवर बुक्की मारल्यासारखा. ती तार नवी असते तेव्हा उद्धट असते. वर्षं जातात, बोटांचा घाम आणि मळ आत मुरतो, मग कुठे ती माणसात येते. म्हणून चपटी तार तुटेपर्यंत कोणी काढत नाही. माझ्या तारा तुम्ही स्वतः चढवल्या होत्या, तो अमेरिकन शिपाई आपला बास मला विकून मायदेशी गेला त्या संध्याकाळी. त्यानंतर आपला बँड बनला, मोडला, आपल्यातला गास्पार गेला, आपण वाजवायचो त्या खानावळीत आता चहात साबुदाण्याच्या गोळ्या घालून विकतात, पण तारा त्याच आहेत. शिवाय (हे तुम्हाला आठवत असेल) तुमच्या बहिणीने एकदा घासायला काढलेल्या भांड्यांबरोबर माझ्या तारांनाही काथ्या लावला होता. तिला वाटलं, नवरा इतका कळकट बास घेऊन लोकांसमोर जातो, लोक काय म्हणतील. जाड तारेवर, घोडीपाशी, तिने वीतभर जागा लखलखीत करून ठेवली आणि तेवढ्यात मी आलो. माझा संताप, तिचं रडणं, आणि मध्ये तुम्ही. ‘अरे, उरलेली तार काळी आहे ना अजून, मग कशाला ओरडतोस?’ असं तुम्ही म्हणाला होतात. ती जागा आजही तशीच लखलखीत आहे. आता सांगा, ती तार मी कशी काढणार?

(मी ‘तुमची बहीण’ असं लिहितोय, हे तुमच्या ध्यानात आलं असेल. ती गेल्यापासून फोनवर आपण दोघंही तिचं नाव घेत नाही. तुम्ही बर्फ किती पडलं ते सांगता, मी धुकं किती पडलं ते सांगतो. पत्रात एकदम नाव घेतलं तर तुम्ही दचकाल, म्हणून हळूहळू येतो.)

पण तुम्ही अभिप्राय मागितला होता, आणि थोरल्याचा शब्द मोडायची आपल्यात रीत नाही. माझ्या बासवर नाही तर नाही, दुसऱ्याच्या बासवर चढवू, असं मी ठरवलं. पहिला बळी आपलं चर्च. तिथला बास वाजवतो डेल्फिन, चौकातला वाहतूक पोलीस. हात एवढे मोठे की गाड्या थांबवायला शिट्टी लागत नाही. त्याच्या बासवर खरखरीत तारा होत्या, बोट सरकवलं की बाकाखाली उंदीर चिरडल्यासारखा आवाज यायचा. मी त्याला म्हटलं, भल्या माणसा, देवाच्या घरात उंदीर कशाला? तो भाबडा, लगेच तयार झाला. शनिवारी मी लाल रेशमाचा सेट चढवून दिला.

लाल सेटचा ताण, मानोंग, फार म्हणजे फार. आपल्या गच्चीवरच्या कपडे वाळत घालायच्या तारेला इतका नाही. बोटाखाली तार हलत नाही, उलट तीच बोटाला विचारते, काय काम आहे? चार तारांनी मिळून रात्रभर दांडीला असं ओढलं, की रविवारी सकाळी दांडी चक्क पुढे वाकलेली आणि तारा पडद्यांपासून इतक्या वर, की खालून मांजर गेलं असतं. आता तार उंच असली की दाबताना ती जास्त ताणली जाते आणि सूर चढतो, हे तुम्हाला सांगायला नको. डेल्फिनने त्या मोठ्या बोटांनी जीव खाऊन दाबायला सुरुवात केली. बास चढला, बासच्या मागोमाग गाणारी मंडळी चढली, आणि शेवटच्या कडव्याला मानांग प्युरिफिकासिओन अशा ठिकाणी जाऊन पोचली, की तिथून तिला उतरवायला शिडीच आणावी लागली असती. (गायकवृंद तीच चालवते. गाणं संपल्यावर तिने माझ्याकडे जे पाहिलं, ते मी तुम्हाला लिहून कळवू शकत नाही.)

दांडीच्या पोटात एक सळई असते, ती किल्लीने आवळली की वाक जातो. डेल्फिनने मोटरसायकलच्या डिकीतून किल्ली आणली. फादर अँब्रोझ प्रवचनाला उभे राहिले, तसे आम्ही दोघे मागच्या बाकावर बास मांडीवर आडवा घेऊन शस्त्रक्रियेला बसलो. सगळं नीट चाललं होतं. फक्त बासचा ॲम्प्लिफायर बंद करायचा आम्ही दोघेही विसरलो होतो, आणि माझ्या हातातून किल्ली निसटून जाड तारेवर पडली. तो आवाज मी आयुष्यात ऐकला नव्हता. खिडक्यांची तावदानं थरथरली. पुढच्या बाकावरच्या म्हातारीने छातीवर क्रुसाची खूण केली. फादर थांबले, त्यांनी चष्मा काढला, बराच वेळ मागे पाहिलं. मला वाटलं, आता बाहेर काढतात. ते शांतपणे म्हणाले, “आपण आपला भाऊ एलिसेओ याच्यासाठी प्रार्थना करू. या वर्षी त्याने फार सोसलंय.” झालं. सगळ्या चर्चने माना खाली घातल्या. डेल्फिननेही घातली, हातात किल्ली घेऊन. मीही घातली, कारण मला हसू येत होतं, आणि हसण्याबरोबर दुसरंही काही येत होतं.

त्याचा परिणाम असा झाला, की चर्चमधल्या बायका माझ्याकडे सूप घेऊन येऊ लागल्या. कोंबडी आणि सायोते भोपळ्याच्या फोडी, रोज वेगळ्या घरचं, वेगळ्या पातेल्यात. स्वतः प्युरिफिकासिओनसुद्धा आली. तिच्या सुपात मीठ कमी होतं, पण ती बसली बराच वेळ. मी तिला तारांच्या ताणाबद्दल समजावून सांगितलं, आणि तिने ऐकून घेतलं. पातेली परत करायला जायचं म्हणून मला चार घरं फिरायला मिळाली. माझा चेहरा तरारला. चेहरा तरारला, तसं सूप बंद झालं. मला आधी कळतं तर मी थोडा वेळ पडूनच राहिलो असतो.

आता निळा सेट. हा मी कुठे चढवला, ते वाचून तुम्ही रागावू नका. शेजारच्या ला त्रिनिदादला भाजी आणायला गेलो होतो. जीपनीतून उतरलो आणि वरच्या आळीतून बासचा आवाज आला, म्हणून भाजी राहिली बाजूला आणि मी चढण चढून गेलो. कोणीतरी म्हातारे गृहस्थ वारले होते, भाजीचा ट्रक चालवायचे. अंगणात ताडपत्री, बाकांवर माणसं, एका बाजूला डुकराचं मोठं पातेलं उकळतंय आणि दुसऱ्या बाजूला बँड आपली नेहमीची गावाकडची गाणी वाजवतोय. वाजवणारे बरे होते, पण बासच्या तारा नव्याकोऱ्या खरखरीत. गेलेल्या माणसाजवळ बसून चमचे आपटावेत तसा आवाज. मला राहवलं नाही. बासवाला वेंडेल नावाचा, दातांच्या कवळ्या बनवणारा, गरीब स्वभावाचा माणूस. जेवणाच्या सुट्टीत मी त्याला बाजूला घेऊन दोन गोष्टी सांगितल्या. निळा सेट नेमका माझ्या पिशवीतच होता. (भाजी आणायला जाताना तारांचा सेट पिशवीत कशाला होता, असं तुम्ही विचाराल. विचारू नका.)

निळा सेट म्हणजे लालचा अगदी उलटा. ताण कमी, तार बोटाखाली वाकते, ऐकते, थोडी जास्तच ऐकते. जोरात छेडली तर पडद्यांवर लडबडते. वेंडेल म्हणाला, “मानोंग, हे तर पन्सित झालं.” मी म्हटलं, शेवया शिजलेल्या असल्या तरी हळू खायच्या असतात, जोर लावू नकोस. मग त्याने हळू वाजवायला घेतलं, आणि काय सांगू, अंगणच बदललं. कोपऱ्यात पत्ते खेळणाऱ्यांनी पत्ते खाली ठेवले. म्हाताऱ्यांची बायको पेटीजवळ बसली होती, तिने डोळे मिटले आणि पायाने ठेका धरला. मी बाकावर जाऊन बसलो तो बसलोच. दुसऱ्या दिवशी तारा बसल्यात का बघायला म्हणून गेलो. मग सूर उतरला नाही ना, हे बघायला. त्यांना पुरेपर्यंत मी तिथेच होतो, पाणी वाटायला मदत करत होतो, पाहुण्यांना चपला कुठे काढायच्या ते सांगत होतो. शेवटी घरातल्या एका वडीलधाऱ्याने मला निरखून विचारलं, “तुम्ही कुणाकडचे?” मी म्हटलं, “मी बासकडचा.” त्याने मान डोलावली. गोतावळा एवढा मोठा, की त्याला वाटलं, असेल एखादी शाखा.

आणि मग मांसाचे वाटे करायला घेतले. येणाऱ्याने रिकाम्या हाताने जायचं नसतं, ही आपली रीत तुम्ही तिकडे विसरला नसाल. कोयता घेऊन बसलेला माणूस रांगेतल्या प्रत्येकाला विचारत होता, घरी किती जण? कोणी म्हणे सहा, कोणी म्हणे नऊ. माझा नंबर आला. मी म्हटलं, “दोघं.”

मानोंग, मी खोटं बोललो नाही. तोंडातून तसंच गेलं. इतकी वर्षं तेच उत्तर देत आलोय, जिभेला सवय आहे. जिभेला कोणी कळवलंच नाही. त्या माणसाने दोघांचं मांस केळीच्या पानात बांधून माझ्या हातात दिलं, आणि ते ‘एकाचंच करा’ म्हणून परत द्यायला मला धीर झाला नाही. जीपनीत मी ते मांडीवर घेऊन बसलो होतो. गरम होतं.

घरी येऊन शिजवलं, जेवलो, उरलं, आणि बास घेऊन बसलो. माझा, जुना. तर बासवाल्याने एकट्याने वाजवणं हा काय प्रकार असतो, ते तुम्हा गाणाऱ्यांना कळायचं नाही. तुम्ही एकटे गायलात तर ते गाणं असतं. मी एकट्याने वाजवलं तर घरात कोणीतरी सामान हलवतंय असं वाटतं. ही उपमा माझी नाही. परवा खालच्या मजल्यावरचे गृहस्थ बाह्या सरसावून वर आले आणि म्हणाले, कपाट सरकवायचं तर आधी बोलवायचं ना, या वयात एकट्याने जोर करू नये. आम्ही दोघांनी मिळून कपाट सरकवलं. आता ते खिडकीसमोर आलंय आणि घरात अंधार पडतो. तरी जाताना ते चहा पिऊन गेले.

पूर्वी असं नव्हतं. मी इथे खोलीत वाजवायचो आणि ती स्वयंपाकघरात. दोनच सूर हो, आपल्या गाण्यांत बासला असतात किती? एक वरचा, एक खालचा, घोडा चालल्यासारखे. पण ती आतून बरोबर ओळखायची आणि ते गाणं म्हणायला लागायची. मी जगभर सांगत फिरलो, माझी बायको नुसत्या बासवरून गाणं ओळखते. तुम्हालाही सांगितलं होतं. तुम्ही म्हणाला होतात, आमच्या घराण्यातच कान आहे.

असो. पत्र फार लांबलं. तर सारांश असा, की लाल सेट ताणाला जबर, चर्चला आणि पोलिसाला योग्य. निळा सेट मऊ, दुःखाच्या प्रसंगी वापरावा. गुळगुळीतपणात दोन्ही सारखे, फक्त निळा नवा असताना बोटाला किंचित चिकटतो. लेकीला आणि नातीला आशीर्वाद सांगा. गुडघ्याला तेल लावत जा.

तुमचा,
एलिसेओ

ता. क. हिरव्या सेटबद्दल लिहायचं राहिलं. तो मी उघडला नाही. त्याचा ताण कसा आहे, ते मला माहीत नाही.

आणखी एक. माझ्या तारा कडक झाल्या नव्हत्या. कधीच झाल्या नव्हत्या, लोण्यासारख्या आहेत. तुम्ही त्या दिवशी फोनवर विचारलंत, “कसा आहेस?” आणि मला खरं उत्तर द्यायचं होतं. तोंड उघडलं तर ‘तारा कडक झाल्यात’ असं निघालं. तुमच्या वडिलांपुढे किडीचं निघालं होतं तसंच. तुम्ही तारा पाठवल्यात. तुमची चूक नाही, मीही तेच केलं असतं. पण या वेळी फाटकाशी गाठून विचारणारं कोणी नाही, म्हणून मीच सांगतो, मी नेमका कशाला आलो होतो ते.

येत्या रविवारी संध्याकाळी, म्हणजे माझ्या सोमवारच्या सकाळी, फोन करा. बर्फाचं नंतर बोलू. गिटार सापडली नाही तरी चालेल. फोन समोर ठेवा आणि एक गाणं म्हणा. इथे मी वाजवीन. तुम्हाला माझं काही ऐकू येणार नाही, हे मला ठाऊक आहे. एवढ्याशा फोनमधून बास पलीकडे जात नाही, मागे दोनदा करून पाहिलंय, तुम्ही आपले ‘हॅलो, हॅलो, आहेस का?’ करत होतात. तरी थांबू नका, शेवटपर्यंत म्हणा. मी आहे असं समजा.

आता शेवटचं. कोणतं गाणं म्हणू, असं विचारू नका. आपली फिदेला बासवरून गाणं ओळखायची, हे मी जगाला सांगितलं ते खरं नाही. माझे दोन सूर सगळ्याच गाण्यांना चालतात. ती आतून जे म्हणायला लागायची, त्या क्षणापासून मी तेच वाजवत असायचो. ती ओरडून विचारायची, “हेच ना?” आणि मी म्हणायचो, “हेच.” तुम्ही कोणतंही म्हणा, मानोंग. तेच असेल.